निलंग्याच्या गाडीतला अभ्यास

बावीस वर्षं मी पोरांच्या मागं एकच टुमणं लावलं होतं: रोज थोडं थोडं वाचा, परीक्षेच्या तोंडावर घोकंपट्टी करू नका. आणि मग एक दिवस हुकूम आला, की नोकरीत असलेल्या शिक्षकांनीसुद्धा पात्रता परीक्षा द्यायची. दोन वर्षांत पास व्हा, नाहीतर घरी बसा. माझं वय एकोणपन्नास. राहायला लातूरला, आणि शाळा निलंग्याच्या पुढं एका खेड्यात, तिथं सहावी-सातवीला शिकवते. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! एवढी वर्षं शिकवलं ते काय गंमत म्हणून?

पण भीतीही तेवढीच होती. नोकरी गेली तर या वयात मी करणार काय?

मग अभ्यासाला लागले. म्हणजे काय केलं, तर पंधरा दिवस वेळापत्रक रंगवत बसले. पट्टी, स्केचपेन, चार रंग. मग बालमानसशास्त्राचे तक्ते केले, वर्गात लावावेत असे सुबक. स्मरणाचा एक, विस्मरणाचा एक. स्वयंपाकघरात चिकटवले. पोळ्या लाटताना बघायचे आणि मान हलवायचे, येतंय की सगळं! एका क्लासच्या सराव परीक्षेला बसले तर दीडशेपैकी एकाहत्तर. पास व्हायला नव्वद लागतात. आणि चुकलं काय, तर विस्मरणाचाच प्रश्न. अहो, जांभळ्या रंगात तक्ता केला होता त्याचा!

आमचे हे शांतपणे म्हणाले, "अगं, तू शिकवायची तयारी करायलीस. तुला परीक्षा द्यायची हाय."

खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तक्ते काढले आणि कपाटाच्या फळ्यांवर अंथरायला वापरले.

घरी बसून वाचायला गेलं की कुकरची शिट्टी, दारात कुणीतरी, फोन. उरला वेळ तो सकाळच्या एसटीतला. रोज तीच गाडी, जमलं तर तीच खिडकी. छोट्या डायरीत प्रश्न लिहायचे, उत्तर मागच्या पानावर. पान न उलटता आठवायचं, ओठातल्या ओठात म्हणायचं, मगच बघायचं. कालचे प्रश्न आज, आजचे परवा, परवाचे पुढच्या आठवड्यात. कंडक्टर एकदा म्हणाला, "मॅडम, जप लई लांबला तुमचा." हसू द्या मेल्याला! पहिला महिना तर रडायला यायचं. औशापर्यंत पाठ केलेलं निलंगा येईपर्यंत सफाचट. विशीत एकदा वाचलं की डोक्यात बसायचं, आणि आता सात-सात वेळा गिरवायचं म्हणजे काय! पण तीन-चार महिन्यांनी डायरीची मागची पानं उलटायची गरज कमी व्हायला लागली.

आणि नेमकी दिवाळीची सुट्टी लागली. परीक्षा महिन्यावर. आता दिवसभर अभ्यास, असं मनाशी ठरवलं. कसलं काय! घरात पुस्तक उघडलं की डोळ्यांवर झापड. मेंदूला सवय लागली होती ती गाडीत बसून अभ्यासाची, सोफ्यावर बसून नव्हे. चार दिवस गेले, पाचव्या दिवशी संताप संताप झाला. सकाळी साडी नेसले, डबा भरला, पर्स उचलली.

"सुट्टीत कुठं निघालीस?" ह्यांनी विचारलं.

"अभ्यासाला."

"कुठं?"

"निलंग्याला जाते आणि लगेच येते."

बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं. सुट्टीभर मी निलंग्याला जायची, स्टँडवर चहा घ्यायची, दुसऱ्या गाडीनं परत. ओळखीची एक बाई भेटली, तिला वाटलं कुणीतरी दवाखान्यात आहे.

परीक्षेच्या दिवशी लातूरच्या केंद्रावर फाटकाजवळ उभी राहून डायरी चाळत होते. एवढ्यात एक मुलगी पुढं आली आणि पाया पडली. सातवीला माझ्याकडं होती, आता तिशीला आलेली. "बाई, तुम्ही इथं?"

"तू काय करायलीस सध्या?"

"हेच, बाई. लहान वर्गांचा पेपर कधीच पास झाले. हा मोठ्या वर्गांचा, तिसऱ्यांदा देते. रोज पहाटे उठून दोन तास, तुम्ही सांगायच्या तसं. पण जागाच निघत न्हाईत."

"निघतील गं," मी सवयीनं म्हणाले.

"हाव, आता निघतील म्हणतात. जुने शिक्षक नापास झाले की." म्हणाली आणि तिनं जीभ चावली. "बाई, तुमचं न्हाई म्हणले हो."

वर्षभर मी सगळ्यांवर चिडले होते, सरकारवर, नवऱ्यावर, स्वतःच्या डोक्यावर. हिच्यावर कशी चिडू? मी पडले तर जागा निघणार होती, आणि ती तिच्यासारख्याच कुणालातरी मिळणार होती. "यशस्वी हो" हे शब्द माझ्या तोंडून एरवी आपोआप निघतात. तेव्हा निघेनात. फाटक उघडलं, लोक आत जायला लागले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काळे पेन दोन घेतलेस ना?"

"घेतले, बाई." तिनं माझ्या हाताकडं बघितलं. माझ्याकडं एकच होता. तिनं तिचा दुसरा पेन काढून मला दिला.