मायांच्या शेजारची घरं

काशीतल्या रामघाटच्या देवयानीबाई कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायच्या, पण जीव जडला होता तो सातासमुद्रापलीकडच्या होंडुरासमधल्या एका नदीखोऱ्यावर. स्पॅनिश लोक यायच्या आधी तिथली माणसं नदीच्या गोट्यांची जोती रचून त्यावर कुडाची घरं बांधत. पण नाव काढलं की जो तो शेजारच्या माया लोकांचे पिरॅमिड विचारी. बाईंना याचा भारी राग. या माणसांबद्दल कुणी एक तरी प्रश्न विचारावा, एवढीच त्यांची हौस होती.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात कॉलेजात प्रदर्शन ठरलं. प्राचार्य म्हणाले, "पिरामिड बनाइए, भीड़ लगेगी." बाई हट्टाला पेटल्या. मांडेन तर मायांचे हे शेजारीच मांडेन!

सासरे वेणीमाधवशास्त्री वेदपाठशाळेतून निवृत्त झालेले. श्रावणात पार्थिव शिवलिंगं करून बोटं तयार झालेली, तेव्हा गंगेच्या मातीची इवली घरं त्यांनीच वळली. बाईंनी सांगितल्याप्रमाणे सगळ्यांची दारं नदीकडे ठेवली. काशीत जन्म गेलेल्यांना दुसरं सुचणार तरी काय?

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी बाईंनी उत्खननाचा नकाशा पडताळायला घेतला आणि कपाळावर हात मारला.

"अण्णा, चुकलंच माझं. दारं मधल्या अंगणाकडे होती. नदीकडे पाठ!"

"गंगाजींकडे पाठ?" शास्त्रीबुवा दचकले.

"तिथे गंगाजी कुठल्या हो? साधी नदी."

"नदी कधी साधी असते का, सूनबाई?" बुवा कुरकुरले. पण घरं जोत्यांवर नुसती टेकवलेली होती. ती एकेक उचलून त्यांनी निमूटपणे फिरवली. शेवटचं घर ठेवलं आणि त्या चिमुकल्या अंगणाकडे बघतच राहिले.

"देवयानी, कामधाम आटोपल्यावर इथे बसून ही मंडळी काय बोलत असतील गं?"

बाईंना खापरं ठाऊक होती, पाटे-वरवंटे ठाऊक होते. हे ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मायांचं नावही न घेता कुणीतरी त्या माणसांची चौकशी केली होती, आणि तीही घरातच.

"ते कुणालाच माहीत नाही, अण्णा," त्या म्हणाल्या. उद्या गर्दी होवो न होवो, त्यांनी पाट ओढला, सासऱ्यांपाशी बसल्या आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.