धुळ्याच्या क्लबातला पियानो

अक्कानं, माझ्या मोठ्या बहिणीनं, पियानोवर पहिले सूर वाजवले. मी तेव्हा मॅट्रिकला होते. शाळेच्या संमेलनात पेटी वाजवायची, म्हणून संगीतातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत. हे काय चाललंय ते मला कळेना. राग नाही, ठेका नाही, शब्द तर नाहीतच. दोन सूर एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, मग एकदम सामसूम, आणि लोक खोकायला लागले की खालून कुठून तरी एकच जाड सूर यायचा. शेजारी बसलेल्या बाईनं मला कोपरानं ढोसलं.

"पोर रुसेल शे का व?"

पोर रुसलीय का, या तिच्या प्रश्नावर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सगळा जीव पहिल्या रांगेत बसलेल्या आबांकडे लागला होता, कारण त्या संध्याकाळी आबांना काय वाटतं यावर माझ्या बहिणीचं पुढचं सगळं ठरणार होतं.

आबा म्हणजे आमचे वडील, जळगावच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मिस्त्री. आई आम्ही लहान असतानाच गेली. अक्का कॉलेजसाठी मुंबईला मामाकडे राहिली आणि मामाच्या शेजारच्या एका पारशी बाईंकडे पियानो शिकली. हे आबांना कळलं तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती. बी. ए. झाल्यावर ती म्हणाली, मला अजून शिकायचंय, मी आता माझं स्वतःचं रचते. तोवर चाळीसगावचं स्थळ सांगून आलं होतं. घरची शेती, स्टेशनाजवळ बियाण्यांचं दुकान, मुलाला सुपारीचंही व्यसन नाही. आबांनी आदळआपट केली नाही. चहा बशीत ओतला, फुंकला आणि म्हणाले,

"माले एकदाव आयकाड. कानले गोड लागनं तं मुंबई. नही लागनं तं चाळीसगाव."

अक्का लगेच हो म्हणाली. मी तिला आत नेऊन झापलं, "अगं, आबांना भजनाशिवाय दुसरं काही आवडतं का? आपण होऊन सुळावर चढतेस!" ती म्हणाली, "आबा खोटं बोलत नाहीत. मला तेवढं पुरे आहे."

जळगावात आमच्या ओळखीत कुणाकडे पियानो नव्हता. धुळ्याला साहेबलोकांचा क्लब होता. साहेब गेले, पियानो मागे राहिला, आणि पत्ते खेळणारे त्यावर कपबशा ठेवायला लागले. आबांचं मूळ गाव धुळ्याजवळचं, त्यांचा एक चुलतभाऊ क्लबात कारकून, म्हणून तिथं जमवलं. जाताना चाळीसगावला गाडी बदलावी लागायची. फलाटावर मी मुद्दाम अक्काकडे पाहत होते. बाहेरच्या दुकानांकडे पाठ करून ती धुळ्याची गाडी येईपर्यंत उभी राहिली.

त्या दिवशी सकाळी तिनं क्लबात वाजवून पाहिलं. दुपारी काकाकडे जेवताना ती सहज बोलून गेली, "मधल्या पट्ट्या जरा कुरकुरतात, आबा. पण चालून जाईल."

आबांचा भाकरीचा हात थांबला. कुरकुर त्यांना सहनच व्हायची नाही. कुणी तपकिरीची डबी बाळगतं तशी ते कोटाच्या खिशात तेलाची कुपी बाळगायचे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की आधी दाराच्या बिजागरीला तेल, मग रामराम. लग्नाला गेले तर मांडवात बसायचं सोडून त्या घरच्या विहिरीच्या रहाटाला तेल घालून यायचे. दसऱ्याला हंगाम सुरू करताना जिनातल्या प्रत्येक यंत्राला ते स्वतः तेल पाजायचे, नारळ फोडायचे, आणि मगच पट्टा चढायचा. शेठ त्या दिवशी दुसऱ्या कुणाला कुपीला हात लावू देत नसत. मिस्त्रीच्या हातचं तेल लागलं की यंत्र वर्षभर रडत नाही, असं सगळ्या जिनात म्हणायचे.

जेवण झाल्यावर आबा आमच्या आधीच क्लबात गेले. संध्याकाळी आम्ही पोचलो तर पियानोला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची माळ आणि समोर फोडलेला नारळ. क्लबाच्या चिटणीसांनी नाक मुरडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का मात्र मनापासून हसली. आधी पियानोला हात जोडले आणि मग आबांच्या पाया पडली.

तर पहिलं वादन संपलं. टाळ्या पडल्या, पण पाहुण्याच्या घरी शिळं वाढलं तरी "छान झालं" म्हणतात तशातल्या. आबांचा चेहरा मख्ख. मी फारशी घाबरले नाही, कारण दुसरं यायचं होतं. श्रावणात घरात कानबाई देवी बसवली की आई जे गाणं गायची त्याची चाल घेऊन अक्कानं ते रचलं होतं. ते मी सकाळी ऐकलं होतं. इथंही सूर मध्येच कुठं तरी भरकटायचे, पण आईची चाल पुन्हा पुन्हा वर यायची, आणि सकाळी मला रडू आवरलं नव्हतं. हे ऐकून आबांचे डोळे भरले नसते तर ते आबाच नव्हेत.

अक्कानं सुरुवात केली. ती चाल मधल्या पट्ट्यांवर होती; पहिल्या वादनात तिचे हात दोन्ही टोकांनाच होते. पहिला सूर आला. दुसऱ्याच्या जागी नुसतं ठक. मग एक सूर, मग ठक, ठक. लाकडावर लाकूड आपटल्यासारखं. दाबलेली एक पट्टी तर वरच आली नाही. समोरचे दात पडलेल्या म्हातारीनं गावं तशी आईची चाल फाटक्या तोंडातून येत राहिली. सकाळी तर सगळं धड होतं! पियानोशेजारी गॅसबत्ती टांगलेली होती, तिच्या धगीनं एक वास सुटला, आणि तो मी लगेच ओळखला. जिनातलं तेल. आमच्या घरात गाद्यांना, भाकरीला, आबांच्या कोटाला येणारा तोच वास.

अक्कालाही तो आला. बोट पट्ट्यांच्या फटीत लागलं असावं, तिनं ते डोळ्यांसमोर धरलं, मग आबांकडे पाहिलं. आबा हात जोडून बसले होते, नखं काळी. त्यांनी मान हलवून तिला धीर दिला, चालू दे. तिनं चालू ठेवलं. मुक्या झालेल्या पट्ट्या ती बोलत असल्यासारख्या दाबत गेली, एकही न गाळता, शेवटपर्यंत.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर कडुलिंबाखाली आबा आमची वाट पाहत उभे होते. माझ्या अंगाची लाही लाही होत होती. सांगून टाकायचंच असं ठरवून मी पुढे झाले. आबा अक्काला म्हणाले, "बेटा, मी खोटं नही बोलाव. माले गोड नही लागनं. तुन्ही मायनं गानं व्हतं ना ते? त्यामा निस्तं ठकठक आयकू ये." मग त्यांनी विचारलं, "ते तसंच रचेल शे का?"

एवढंच तर बोलायचं होतं, आबा, तुम्ही घातलेलं तेल पियानोच्या लाकडी सांध्यांत गेलं, आतल्या हातोड्यांची लोकर भिजली, परत ऐका. मी तोंड उघडलं. अक्कानं माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली.

"हा आबा," ती म्हणाली, "तसंच रचेल शे."

काकाकडे परतल्यावर ती मोरीत हात धूत बसली. साबण संपत आला तरी वास जाईना. मी तिच्यावर तुटून पडले. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? एका शब्दाचं काम होतं!"

"आणि मग दसऱ्याला जिनात त्यांनी कुठल्या हातानं तेल घातलं असतं?" ती म्हणाली.

"आणि तुझे हात?"

तिनं उरलेला साबण पुन्हा हातांना लावला. उन्हाळ्याच्या आधीच तिचं चाळीसगावला लग्न झालं. आबांनी दिलेला शब्द पाळला, तिनंही पाळला. त्या दोघांच्या खरेपणाचा मला आजही राग येतो.

पुढं कितीतरी वर्षं आबा दिवाळीला तिच्या घरी जात. मी बरोबर असायची. जावयाच्या पाहुण्यांपुढं ते धुळ्याची गोष्ट काढायचे. संगीतातलं आपल्याला काही समजत नाही हे आधी कबूल करायचे, मग खिशातली कुपी काढून दाखवायचे. "साहेबना काळपासून ते यंत्र कुरकुरे. पोर वाजाडे तवय एकदाव तरी कुरकुरनं का? तिलेच इचारा."

अक्का चहाचे कप मांडता मांडता म्हणायची, "नाही आबा. एकदाही नाही."