सुलाबाईची कॅसेट

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कुंपणालगत माझी पिठाची गिरणी होती. पीठ माझं आणि राख त्यांची, दोन्ही मिळून आमची वस्ती कायम पांढरी. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल, सावळीराम एका दुपारी गिरणीत आला. दळण आणलं नव्हतं. हातात नवंकोरं बायबल होतं, आणि ते त्याने उलटं धरलं होतं.

"उलटं असंल तर सांगा बाई," तो म्हणाला. "मला त्यातलं काय समजत नाय."

हा माणूस पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा, कोकणा आदिवासी. भात निघाल्यावर डोंगरातली माणसं कामाला खाली उतरतात, तसा बायकोला घेऊन उतरला आणि ठेकेदाराकडे राख उपसायच्या कामाला लागून इथेच राहिला. बायको सुलाबाई हंगामात द्राक्षबागांत जायची. मूलबाळ नव्हतं. दोघांनी नुकताच आमच्या वस्तीतल्या पत्र्याच्या प्रार्थनागृहात बाप्तिस्मा घेतला होता.

मी शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे चर्चला देऊळ म्हणतात, भेटल्यावर सलाम करतात आणि प्रार्थनेत ओरडत नाहीत. त्या पत्र्याच्या शेडमधलं ते हात वर करून रडणं-नाचणं मला आवडत नसे आणि मी ते तोंडावर सांगत असे. सावळीराम हसायचा. म्हणायचा, "आम्ही भोंग्याखाली काम करणारी माणसं बाई, हळू बोलायची सवय नाय राहिली."

मी त्याला वाचायला शिकवलं. पाळी सुटली की तो गव्हाच्या पोत्यावर बसायचा आणि अक्षरांवरून बोट फिरवायचा. चाळिशीला आलेला माणूस, पण चिकाटी अशी की वर्षभरात वाक्य जुळवू लागला. मी हे पवित्र शास्त्र लहानपणापासून वाचत आले, पण रोजच्या रस्त्याने चालावं तसं, आजूबाजूला न बघता. हा एकेका शब्दापाशी थांबायचा. वंशावळ्यांची लांबलचक नावंसुद्धा वाचायचा. एकदा वैतागून म्हटलं, "अरे, ती नावं सोड आणि पुढे जा." तर म्हणे, "देवानं लिहून घेतली, मी कशी सोडू?"

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात सुलाबाईला खोकला लागला. सरकारी दवाखान्यात टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत बाईचा चेहरा भरून आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, पुरा कोर्स घ्यायचा. सावळीरामने तिला एक दिवस चुकू दिला नाही.

इथे शेडच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. आजारी माणसावर प्रार्थना झाली की त्याने उभं राहून साक्ष द्यायची, मी बरा झालो. बरं वाटतंय की नाही ते बघायचं नाही. आधी साक्ष, मग गुण. साक्ष दिल्यावर औषध घेतलं तर त्याचा अर्थ देवावर भरवसा नाही. आमच्या आजीने याला बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी म्हटलं असतं. त्यांचे पास्टर होते प्रफुल्ल, तिशीतले, गोड गळ्याचे, गरिबाच्या घरी जमिनीवर बसून जेवणारे. प्रफुल्ल लबाड नव्हते. लबाड असते तर बरं झालं असतं, लबाड माणूस कधीतरी पकडला जातो. ते सांगत ते त्यांना स्वतःला शंभर टक्के पटलेलं असायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर सुलाबाईच्या माहेरच्या पाड्यावर मोठी सभा झाली. सुलाने फार आग्रह केला म्हणून मीही गेले. मांडव, कर्णे, डोंगर उतरून आलेली माणसं. पास्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि माइक तिच्या हातात दिला. सुलाबाई उभ्या आयुष्यात चार माणसांत बोलली नव्हती. पदर सावरत म्हणाली, "परभूनं मला बरं केलं. माझ्या छातीत आता काय नाय. मी बरी झाले." मधेच तिला खोकला आला, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. सावळीरामही टाळ्या वाजवत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. एक पोरगा टेपरेकॉर्डर माइकपाशी धरून बसला होता.

सुलाची धाकटी बहीण कुसाबाई त्याच पाड्यावर दिलेली होती. तिलाही तोच आजार होता आणि पेठहून तिच्याही गोळ्या चालू होत्या. ताईचं ऐकून तीही उठली आणि तिनेही साक्ष दिली. परत येताना जीपमध्ये मी सुलाला म्हटलं, "देवावर विश्वास ठेव आणि गोळीही घे. गोळी काही सैतानाने केलेली नाही." ती म्हणाली, "बाई, मी इतक्या माणसांत बोलले. आता गोळी घेतली तर मी खोटी पडंन."

तिला खोटं पडायचं नव्हतं, म्हणून ती मेली. पुढच्या आषाढात गेली, अगदी वाळून. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर सावळीरामवर ओरडले आणि तो मान खाली घालून उभा राहिला. दफनाच्या वेळी प्रफुल्ल पास्टर रडले. पण मंडळीत आणि डोंगरात त्यांनी सांगितलं की सुलाबाई काविळीने गेली, छातीचा आजार प्रभूने केव्हाच काढला होता. मला वाटतं त्यांनी ते आधी स्वतःला सांगितलं असावं.

सावळीराम कामावर जात होता आणि गिरणीत येऊन वाचत होता. एके दिवशी त्याने बोट एका ओळीवर ठेवलं आणि म्हणाला, "बाई, ह्ये वाचा. मी बरोबर वाचतोय का बघा."

प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट होता. निरोपानिरोपाच्या ओळी, ज्या आम्ही देवळात कधी मोठ्याने वाचतही नाही. त्यात पौल लिहितो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेत गावात ठेवून आलो.

"बरोबर वाचलंस," मी म्हटलं.

"मंजी पौलाच्या हातानं लय लोक बरे झाले, पण हा नाय झाला. सोबतीचा माणूस, तरी नाय झाला." त्याने बोट पुन्हा त्या ओळीवर ठेवलं. "आन त्यानं ते लपवलं नाय. लिहून टाकलं."

त्या एका ओळीने त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य घेतलं. पत्नी गेल्यावर लोक देवावर रुसतात. हा रुसला नाही. मला म्हणाला, "देव कुठं खोटं बोलला? त्याच्या नावानं आपण बोललो. मी टाळ्या वाजवल्या." रविवारी साक्षीच्या वेळी तो शेडमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "माझी बायको टीबीनं मेली. गोळ्या सोडल्या म्हणून मेली. त्रफिमबी बरा झाला नव्हता. जे साक्ष देऊन बसलेत त्यांनी गोळ्या चालू करा." पास्टरांनी गाणं सुरू केलं.

त्याला एवढंच हवं होतं, की हे पास्टरांनी डोंगरात जाऊन सांगावं. कारण तिकडे कुसाबाई होती. आणि तिकडे सुलाची कॅसेट होती. त्या सभेच्या साक्षींच्या कॅसेट निघाल्या होत्या आणि दर शुक्रवारी पाड्यापाड्यावर त्या लावत. सुला मातीत जाऊन महिने झाले आणि तिचा आवाज कर्ण्यातून सांगत होता, मी बरी झाले.

प्रफुल्ल पास्टर त्याला माझ्यासमोर म्हणाले, "सावळीरामभाऊ, त्या कॅसेटने किती लोक प्रभूकडे आले ठाऊक आहे? ती थांबवली तर त्यांचा विश्वास मोडेल."

"खोट्यावर उभा हाय तो मोडू द्या," सावळीराम म्हणाला.

"तुम्ही दुःखात आहात," पास्टर म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुःखी माणसाचं बोलणं निकालात काढायला एवढं पुरतं.

मग तो स्वतः गेला, मलाही घेऊन गेला. कुसाबाई ओट्यावर बसली होती. हाडं दिसत होती. शेजारी तिची मुलगी रोशनी, बारा-तेरा वर्षांची, नागलीच्या भाकरी थापत होती. सावळीरामने पेठच्या दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या पुढे ठेवल्या.

"दाजी, मला नको," कुसाबाई म्हणाली. "मी ताईच्या तोंडून ऐकलंय. ताई खोटं बोलंल का?"

"ती खोटं नाय बोलली. आधी बोलली. झालं नाय ते आधी बोलली. तिला तसं शिकवलं व्हतं."

"मग अजून कशी बोलती ती? मेल्यावरबी बोलती."

त्याने बायबल उघडलं आणि त्रफिमाची ओळ वाचून दाखवली. ती लक्ष देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "दाजी, तुमच्या पुस्तकात एक माणूस राहिला आजारी. आमच्याकडं दर शुक्रवारी धा माणसं बरी व्हत्यात." गोळ्या तिने हातातसुद्धा घेतल्या नाहीत. मी रागाने बोलले, नको ते बोलले. सावळीरामने मला हाताने थांबवलं.

कुसाबाई फाल्गुनात गेली. तिलाही काविळीनेच नेलं असं ऐकलं.

त्यानंतर मंडळीने त्याला सांगितलं की शेडमध्ये येऊन बस, पण बोलायचं नाही. तो गेलाच नाही. मी म्हटलं, "आमच्या देवळात ये." दोन-तीनदा आला. आमच्या लोकांनी त्याला मागच्या बाकावर जागा दिली, आणि तिथेच ठेवला. आमच्या पाळकांना त्याची हकीकत सांगितली तर ते म्हणाले, "दुसऱ्या मंडळीच्या भानगडीत आपण कशाला पडायचं?" ना तिकडचा, ना इकडचा. सुट्टी मिळाली की तो पेठ नाक्यावरून गाडी धरायचा आणि पाड्यांवर फिरायचा. एकच ओळ वाचून दाखवायचा आणि गोळ्या खा म्हणायचा. पोरं त्याला त्रफिमबाबा म्हणू लागली. त्याच्या सांगण्यावरून गोळ्या चालू केलेला एक माणूस मला ठाऊक नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "घडा पालथा हाय ते दिसतंय मला. पण पाणी खरं हाय ना, बाई?"

एकदा पाड्यावरून येताना तो त्या कॅसेटची प्रत घेऊन आला. माझ्या गिरणीतल्या टेपवर लावली. सुलाचा आवाज आला तसा तो पोत्यावर खाली बसला. बाईचा दुसरा आवाज जगात कुठेच नव्हता. फोटोसुद्धा एकच, तोही धुरकटलेला. तिचा खोकला आला तिथे त्याने बोट वर केलं. "तेवढा खरा हाय," म्हणाला. संपल्यावर कॅसेट काढली, आतली फीत सगळी ओढून बाहेर काढली आणि माझ्या चुलीत घातली.

मी म्हटलं, "वेडा आहेस का? तिची एवढीच तर आठवण होती. आणि तिकडे शेकड्यांनी आहेत, त्या कुठे थांबणार?"

"घरात ठेवली तर रोज ऐकीन," तो म्हणाला. "रोज ऐकली तर एक दिवस मलाबी खरं वाटंल." मग तो रडला. सुलाच्या दफनालाही तो तसा रडला नव्हता.

पुढे कॅसेट गेल्या आणि सीडी आल्या. सीडीत सुलाचा खोकला काढून टाकलाय, आवाज स्वच्छ येतो. सावळीरामची छाती राखेने भरत गेली. राखेवर गोळी नसते. दोन हजार सहाच्या थंडीत तो गेला. आदल्या दिवशी मला म्हणाला, "मला मातीत घालताना ती ओळ वाचा, बाई. एवढंच. बाकी काय नको." मी हो म्हटलं.

जवळचं कुणी नसल्यामुळे दफन शेडच्या मंडळीनेच केलं. प्रफुल्ल पास्टरांचे केस पिकले होते. त्यांनी मनापासून प्रार्थना केली आणि सावळीरामला प्रभूचा एकनिष्ठ सेवक म्हटलं. नवरा-बायकोची आता स्वर्गात भेट होणार म्हणून त्यांनी कबरीपाशी स्पीकरवर सीडी लावायला सांगितली. मी जाऊन म्हटलं, "बंद करा ते. त्याला नको होतं."

"मावशी," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखर भरले होते, "त्याच्या सुलाचाच आवाज आहे. किती बरं वाटलं असतं त्याला."

मी बायबल उघडून ती ओळ वाचली. मोठ्याने वाचली. स्पीकरपुढे माझा आवाज शेजारच्या माणसालाही गेला नसेल. सुला सांगत होती, माझ्या छातीत आता काय नाय. माझ्या बाजूला कुसाबाईची रोशनी उभी होती, आता विशीतली, गळ्यात मंगळसूत्र. सुलामावशीच्या आवाजाबरोबर तिचे ओठ हलत होते. तिला सगळं पाठ होतं.

सीडी संपली तशी तिने तोंडाला पदर लावला आणि खोकली. बराच वेळ खोकत राहिली. मी तिचा हात धरून विचारलं, "कधीपासून आहे हे? दवाखान्यात दाखवलंस का?"

"आता गरज नाय, बाई," रोशनी म्हणाली. "मागच्या शुक्रवारी मी साक्ष दिलीय."