बिनकुलपाची अभ्यासिका

जवळा बाजार या गावात कुणाचा कॉम्प्युटर अडला किंवा मोबाईल रुसला की लोक म्हणतात, "पाईकरावांच्या सपनाला बोलवा." सपना येते, आधी चहा घेते आणि मगच यंत्राकडं बघते. घाईत दुरुस्त केलेलं दुसऱ्या दिवशी परत येतं, असं तिचं ठाम मत आहे. पुण्यात काही वर्षं ती एका कंपनीत फोनवर तक्रारी ऐकायची. "सर, एकदा बंद करून चालू केलं का?" हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेल. लॉकडाऊनमध्ये ती गावी आली ती आलीच. तेव्हा "पोरीचं डोकं फिरलं" म्हणणारी मंडळी आता हँग झालेले मोबाईल घेऊन तिच्याच ओट्यावर बसलेली असतात. तीही बिचारी दुरुस्त करून देते. राग धरायला सवड लागते, ती तिच्याकडं नाही.

विहाराला लागून जी अभ्यासिका आहे, ती अमृतरावांची करणी. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले आणि या खोलीच्या मागं लागले. खोलीच्या दाराला कुलूप नाही, कडी नाही, कोयंडा होता तोही त्यांनी सुतार बोलावून उपटून टाकला. लहानपणी शहरातल्या एका वाचनालयात ते जायचे, तर किल्लीवाला गृहस्थ त्यांना पायरीवरच अडवायचा. "आज बंद आहे." आणि खिडकीतून तर आत वाचत बसलेली माणसं दिसायची! ही गोष्ट अमृतराव विसरले नाहीत, आणि का विसरावी? अभ्यासिकेत कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालू होताना पासवर्ड मागतो हे पाहून त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं. "काढ ते. हितं कुनाला कायबी मागायचं न्हाई." सपनानं काढून टाकला. म्हाताऱ्याशी वाद कोण घालणार?

हे कॉम्प्युटरचं सारं चाललं होतं ऐश्वर्यासाठी. ती अमृतरावांची नात. गेल्या वर्षी तिनं भरतीची परीक्षा नांदेडला कॉम्प्युटरवर दिली. अभ्यास पक्का होता, पण मोबाईलवर वाढलेल्या पोरीनं माऊस कधी हातात धरला नव्हता. उत्तर माहीत असायचं आणि बाण भलतीकडंच जायचा. अर्धा पेपर राहिला आणि वेळ संपली. घरी येऊन तिनं पुस्तकं पेटीत टाकली. यंदा परीक्षा पुन्हा तोंडावर आली, तर ती जायलाच तयार नव्हती. शेवटी सपना तिला म्हणाली, "सरावाचे पेपर इथंच कॉम्प्युटरवर घेते तुझे. तरी न्हाई जमलं तर नको जाऊ, मीच सांगंन घरी." ऐश्वर्या कशीबशी कबूल झाली.

आता कॉम्प्युटर तरी किती? पुण्याच्या ओळखीतून दान मिळालेला एक दणकट, बाकीचे जुने डबे, सुरू होता होता धापा टाकणारे. सपनानं युक्ती केली. दणकट कॉम्प्युटरच्या पोटात तिनं तीन आभासी कॉम्प्युटर उभे केले, दिसायला वेगळे, राहायला एकाच घरात. जुन्या डब्यांनी फक्त त्यांचा चेहरा दाखवायचा.

"म्हंजे एकाच गाडीत तीन गाड्या? आन् तिकीट कुनी फाडायचं?" अमृतरावांनी विचारलं.

"तुमीच फाडा, काका."

सगळे पेपर दणकट कॉम्प्युटरवरच एका फोल्डरमध्ये ठेवले, त्याचं नाव 'शिदोरी'. नेटवर्कवरून ते तिन्ही आभासी कॉम्प्युटरना उघडता यावं, म्हणजे पेपर एका जागी राहतील आणि सोडवता येतील कुठूनही.

रविवारी सकाळी पोरं जमली. ऐश्वर्या पहिल्या डब्यापुढं बसली. तिनं शिदोरीवर क्लिक केलं, तर समोर चौकट आली: नाव सांगा, पासवर्ड सांगा. पासवर्ड तर नव्हताच. सपनानं जागा रिकामी ठेवून एंटर दाबलं. पुन्हा तीच चौकट. पुन्हा दाबलं, पुन्हा तीच. ऐश्वर्यानं खुर्ची मागं सारली.

"मी म्हनलं व्हतं ना ताई. माझ्याच्यानं न्हाई व्हत."

"अगं, हे तुझ्यानं कुठं अडलंय? यंत्रानं अडलंय! दुपारपर्यंत थांब."

ऐश्वर्या थांबली, पण दाराशी, पिशवी खांद्यावर अडकवून. पोरगी आज त्या दारातून गेली तर परीक्षेला काही जायची नाही, हे सपनाला स्वच्छ कळत होतं.

तिनं पायरीपायरीनं बघायला घेतलं. आभासी कॉम्प्युटरला दणकट कॉम्प्युटर दिसतो का? दिसतो. मधली भिंत, म्हणजे फायरवॉल, अडवतेय का? नाही. फोल्डर कुणाकुणाला खुलं आहे? सर्वांना! यादीत 'सर्वांना' लिहिलेलं आणि आत मात्र कुणालाच सोडत नाही. लग्नाची पत्रिका साऱ्या गावाला देऊन मांडवाच्या दारात माणसं अडवावीत, तसला प्रकार. सपनाला स्वतःचाच संताप आला. पुण्यात हजार लोकांना धीर दिला आणि आपल्या गावात ही फजिती!

मग तिनं चहा मागवला. चहा पिता पिता तिला सुचलं म्हणून तेच फोल्डर तिनं आपल्या लॅपटॉपवर टाकलं, तशाच परवानग्या दिल्या आणि आभासी कॉम्प्युटरवरून नाव-पासवर्ड देऊन उघडून बघितलं. झटक्यात उघडलं! आता दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून तिनं एकेक गोष्ट ताडून पाहिली. सगळं बराबर, फरक एवढाच की लॅपटॉपला पासवर्ड होता आणि दणकट कॉम्प्युटरला नव्हता. आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. पासवर्ड नसलेल्या खात्यावर समोर बसून कुणीही काम करावं, पण नेटवर्कवरून येणाऱ्याला ते यंत्र दारातच अडवतं.

"काका, पासवर्ड लावावा लागतो," ती भीतभीत म्हणाली.

अमृतरावांचा चेहरा उतरला. "म्हंजे शेवटी कुलूपच ना? काहून? दुसरा रस्ता न्हाई?"

"हाय. पहारा पुरता काढून टाकायचा. पण आपलं वायफाय पार रस्त्यावर जातं. बाहेरून कुनीबी मोबाईलवरून पेपर पुसून टाकंल."

किल्ली म्हटलं की म्हाताऱ्याला ती वाचनालयाची पायरी आठवायची, आणि सपनाला ते दिसत होतं. तिलाही वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण दाराशी ऐश्वर्या उभी होती.

बोलली तीच. "आबा, कुलुपाचं काय घेऊन बसलात? किल्ली लपवली तर तकलीफ. भिंतीवर लिहून टाका की मोठ्या अक्षरात! जो आत येईल तो वाचंल."

अमृतरावांनी नातीकडं बघितलं. कितीतरी महिन्यांत ती एवढं सलग बोलली नव्हती. ते म्हणाले, "आन् लिहायचं काय?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच ठरवून मोकळे झाले: "या, बसा, शिका."

सपनानं वेगळं खातं काढलं, त्याला फक्त वाचायची मुभा दिली आणि तो पासवर्ड इंग्रजी अक्षरांत टाकला. अमृतरावांनी पताकांचा उरलेला निळा रंग आणून तीच अक्षरं भिंतीवर हातभर उंचीची काढली. शेवटचं अक्षर जरा वाकडं आलं. पुसून पुन्हा काढा म्हटलं तर ऐकेनात.

ऐश्वर्या पिशवी ठेवून बसली. भिंतीकडं बघत एकेक अक्षर टाकलं आणि शिदोरी उघडली. पहिला पेपर सुरू झाला. बाण इकडं जाई, तिकडं जाई. सपना मागं उभी होती, हात शिवशिवत होते, पण तिनं माऊसला हात लावला नाही. वेळ संपली तेव्हा बरेच प्रश्न राहिलेले होते आणि पडदा आपोआप बंद झाला, थेट नांदेडसारखा. अमृतराव ब्रश धरून तसेच उभे.

"ऐश्वर्या," सपना हळूच म्हणाली, "आज एवढंच असू दे."

ऐश्वर्यानं मान वळवली नाही. तिनं शिदोरी पुन्हा उघडली आणि दुसऱ्या पेपरवर क्लिक केलं.

"गप बसा ताई," ती म्हणाली, "घड्याळ चालू झालंय."