सात नंबरचे चौऱ्याऐंशी ठोके

आत्या आमच्याकडे जेवायला आली की ताट वाढायच्या आधी कुणाचं तरी मनगट धरायची. बोलता बोलता, सहज. बाबा म्हणायचे, "ताई, मी पेशंट नाहीये," तर ही म्हणणार, "गप बस. अठ्ठ्याऐंशी आहेत, जिना चढून आलास ना, पोट कमी कर." सत्तावीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर, त्यातली चौदा एकाच वॉर्डात. पुरुषांचा वॉर्ड, दुसरा मजला, वीस खाटा. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर, "वीस सांभाळते, एकविसावा कशाला?"

आणि तिचे शनिवार. दहावी ते बारावीची आठ मुलं, सहा शनिवार, सकाळी नऊ ते बारा. कुणी सांगितलं नव्हतं तिला, तिनेच मेट्रनच्या मागे लागून सुरू केलेलं. येणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर व्हायचं असायचं, निदान आईवडिलांना तरी. आत्या पहिल्या शनिवारी काहीच दाखवायची नाही. केसपेपरच्या खिडकीवर नंबर घ्यायला लावायची आणि तासभर पेशंटच्या बाकावर बसवायची. मोबाईल तिच्या पिशवीत. "आधी थांबून बघा. इथे येणारा माणूस सगळ्यात जास्त तेच करतो."

मग पुढच्या शनिवारी एक्स-रे, लॅब, प्लास्टरची खोली, लाकडी पाय बनवतात ती खोली, अवजारं वाफेवर जंतुमुक्त करतात ती खोली. तिथल्या यंत्रांपुढे एक चष्मेवाला मुलगा असा हरखला की त्याला ओढून काढावं लागलं. आम्ही त्याला ढापण्या म्हणायचो. आत्या खूश. आणि एक मुलगी रक्त बघून खालीच बसली तर तिलाही आत्या म्हणाली, "छान झालं, पाच वर्षं वाचली तुझी."

मी अकरावीत होते. आठातली एक. भाची म्हणून जरा जास्तच शहाणी.

चौथ्या शनिवारी नाडी. दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. हे आत्याने तीनदा सांगितलं. आकडा आपल्या वहीत लिहायचा, खाटेच्या कागदाला हात लावायचा नाही. हेही सांगितलं.

मला सात नंबर मिळाला. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. म्हणाले, "बघ बाळ, माझं घड्याळ मागे पडतं म्हणतात." मी दोन बोटं ठेवली, काही लागेना. इकडे ठेवली, तिकडे ठेवली. बाजूचे सगळे मोजायला लागले होते. मग अंगठा ठेवला आणि लगेच लागली, चांगली टणटणीत. चौऱ्याऐंशी. मला इतका आनंद झाला की खाटेच्या पायाशी अडकवलेला कागद घेतला आणि त्या वेळेच्या रकान्यात लिहून टाकलं. पेनाने.

आजोबांना हृदयाची एक गोळी असायची. नाडी साठच्या खाली असेल तर ती द्यायची नाही. त्या दिवशी वॉर्डात दोनच सिस्टर होत्या, एकीने कागद बघितला, चौऱ्याऐंशी, गोळी वाटीत टाकली.

आत्या तिकडून चालली होती. आजोबांशी काहीतरी बोलत तिने सवयीने मनगट धरलं आणि बोलायची थांबली. पूर्ण मिनिटभर मोजलं. मग वाटी उचलून बाजूला ठेवली. "शेहेचाळीस," म्हणाली. मग कागद बघितला.

"हे कुणी लिहिलं?"

कुणी बोललं नाही. मीही नाही. मला काही झालंच नाही, रडू नाही, घाम नाही. खिडकीतून समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या, मी त्या मोजल्या. अकरा.

आजोबा आठवड्याने घरी गेले. शनिवार बंद झाले. आत्याने कागदावर लिहून दिलं की मुलं माझ्यावर होती, जबाबदारी माझी. ढापण्याची आई दोनदा येऊन विचारून गेली, पुन्हा कधी. बारावीनंतर मी अर्ज भरला तो कॉमर्सचा. का, ते घरी कुणी विचारलं नाही, आणि मला सांगायचंही नव्हतं. तीन वर्षं मी बरी होते. म्हणजे जेवत होते, परीक्षा देत होते.

यंदा नवीन मेट्रन आल्या. आत्याने पुन्हा अर्ज केला. मार्चमध्ये ती रिटायर होणार, त्याआधी एकदा शनिवार सुरू करून कुणाच्या तरी हातात द्यायचे होते तिला. मेट्रन म्हणाल्या, त्या वेळी कुणी लिहिलं आणि कसं, ते आधी कागदावर येऊ दे. तुम्ही पाठीशी घालणार तर मी वॉर्डात मुलं कशी सोडू?

आत्या जेवायला आली तेव्हा बाबांना हे सांगत होती. "राहू दे आता. नाही होणार." आणि बोलता बोलता माझं मनगट धरलं.

"एकशे चार. काय गं?"

"मी लिहिलं होतं," म्हटलं.

आत्याने मनगट सोडलं नाही. "माहितीये. इंग्रजी चार उलट्या खुर्चीसारखा आपल्या घरात तूच काढतेस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

"तीन वर्षं?"

"मला कसली घाई? शनिवार बंदच होते." मग म्हणाली, "जेव आधी, भात गार होतोय."

सोमवारी मेट्रनकडे गेले. सगळं लिहून दिलं, अंगठ्यासकट. त्यांनी दोनदा वाचलं. "शिकता काय?" "बी.कॉम. दुसरं वर्ष." त्यांनी मान हलवली आणि सही केली. खाली एक ओळ स्वतः लिहिली: मुलं असतील तेव्हा खाटेचे कागद काउंटरच्या आत.

पहिल्या शनिवारी आठ मुलं आली. आत्याने मला पुढे उभं केलं. "ही सांगेल." मी सांगितलं. मला वाटलं होतं सांगताना काहीतरी होईल. नाही झालं, नुसतं सांगून झालं.

एका मुलीने विचारलं, "मग ताई, तुम्ही नर्स झालात?"

"बी.कॉम. करते."

सगळे हसले, आत्यासुद्धा. मग तिने पिशवी पुढे केली, आठ मोबाईल पडले. तिने पिशवी तशीच माझ्यासमोर धरून ठेवली. मीही टाकला, खिडकीवर नंबर घेतला, एकसष्ट, आणि बाकावर जाऊन बसले.