मोहाखालून जीपमध्ये

माझी मोठी बहीण पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसावर वीज पडते असं आमच्याकडे मानतात, म्हणून ढग गडगडले की बायका तिच्यापासून लांब सरकायच्या. ती जाऊन सात महिने झाले. तिच्याबद्दल लिहायला बसले की आधी ती दुपारच समोर येते.

ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या शेतात रोवणा चालला होता. दहा बायका बांधीत वाकून धानाची रोपं लावत होत्या. मी शिकवते त्या कॉलेजला सुट्टी असल्यामुळे मीही मदतीला गेले होते. खरं तर अडचणच जास्त करत होते. आभाळ काळं झालं तशा सगळ्या जणी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली धावल्या. रोजची शिदोरी तिथंच सुटायची, त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळले.

मी म्हटलं, "वीज उंच झाडावर आधी पडते. रस्त्यावर आपली जीप उभी आहे, तिच्यात बसा, काचा लावून घ्या."

"मास्तरीनबाई, हे तुमच्या पोट्ट्यायले शिकवा," सगळ्यांत म्हातारी बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या. तेवढ्यात लखकन चमकलं आणि लगेच कडाडलं.

बहीण नेहमीसारखी लांब उभी होती. तिनं हातातली रोपांची पेंडी खाली ठेवली, पदर खोचला आणि मोहाकडे चालू लागली.

"काऊन येऊन राह्यली वं? तिथीच थांब," झाडाखालून एक जण ओरडली.

"मी बी भिजून राह्यली. मले का जीव नाई?"

"तू पायाळू हायेस."

"म्हणूनच त येतो. एकटीले कंटाळा येते."

ती दोन पावलं पुढे आली, त्या दोन पावलं मागे हटल्या. ती झाडाखाली पोचली आणि दहाही जणी चिखल उडवत जीपकडे पळाल्या. मागोमाग तीही आली, पण दाराशी थबकली. आत कुणी सरकेना. मी दार धरून ठेवलं होतं.

पुन्हा कडाडलं. म्हातारीनं हात लांब करून बहिणीचं मनगट धरलं आणि तिला आत ओढलं.

"बस माया मांडीवर. पडली त साऱ्यायवर पडंन, मंग कोनी कोनाले बोलनार नाई."

मागोमाग मीही घुसले, दार लागलं. श्वासांनी काचा धुरकटल्या. कुणाचा कोपर कुणाच्या पोटात, कुणाची वेणी कुणाच्या तोंडात.

"किती जड हायेस वं," म्हातारी म्हणाली.

"तुमीच रोवलेला भात खाल्ला, बाई."

जीप हसण्यानं हलली.

मोहाला काही झालं नाही. पाऊस थांबला, गडगडाट लांब गेला. मी म्हटलं, अजून अर्धा तास थांबू. या वेळी कुणी हसलं नाही आणि उतरलंही नाही, कारण दाराशीच, सगळ्यांच्या वर बहीण बसली होती. ती उठल्याशिवाय कुणालाच उठता येत नव्हतं, आणि तिला उठायची मुळीच घाई नव्हती.