कांबळीकाकांच्या मेणबत्त्या

आधीच सांगते, नंतर कुणी खाली कमेंटमध्ये "आता तरी मानतेस ना?" असं विचारायला नको. नाही मानत. कॉलेजात असताना नांदेडच्या बसस्टँडवर उभी राहून मी भानामतीविरुद्ध पत्रकं वाटलीत. लिंबू, बाहुल्या, अंगात येणं... सगळ्याची प्रात्यक्षिकं करून दाखवलीत. या सदरातले निम्मे अनुभव वाचून माझं डोकं फिरतं. तरी लिहितेय, कारण हे घडलं ते मीच मांडलेल्या प्रयोगात. तेही भर दुपारी.

मी मस्कतमध्ये असते. इथल्या गाला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत एसीची डिझाइन करते. म्हणजे कुठल्या खोलीत हवा कुठून येणार आणि कुठे जाणार, हे ठरवणं हेच माझं पोटापाण्याचं काम. हे लक्षात ठेवा.

रुवी भागात, अगदी शहराच्या मध्यात, एका हॉटेलच्या तळमजल्यावर डॅनिश पद्धतीचा पब आहे. नाव देत नाही. लाकडी बाकं, निळ्या नक्षीच्या प्लेट्स, काळ्या पावाच्या एकाच तुकड्यावर रचलेला मासा... वरचा पाव नाहीच. आणि प्रत्येक टेबलावर पेटती मेणबत्ती, बाहेर डोळे दिपवणारं ऊन असलं तरी! डेन्मार्कात म्हणे तशीच रीत आहे, घरच्यासारखं वाटावं म्हणून.

कांबळीकाका तिथे वेटर. मालवणचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मेन्यूतल्या हेरिंग माशावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "बाय, ह्यो आपलो तारलोच. साखरेत बुडवून नासवल्यानी." तेव्हापासून आमची गट्टी.

एका शुक्रवारी जेवायला गेले तर काका नुसतेच किचनच्या दारात उभे. "काय झालं काका?" तर म्हणाले, "माका परत धाडतत. मी पनवती आसंय म्हणे."

झालं होतं ते असं. काकांनी पेटवलेल्या मेणबत्त्या विझायच्या. एकदा तशाच विझलेल्या टेबलावर एक गिऱ्हाईक चक्कर येऊन पडलं. मग कूकचा हात भाजला. बस्स! स्टाफ बहुतेक आपल्याकडचा. दिवा विझला की काळजात चर्र होणारा. टेबलावरच्या शोभेच्या मेणबत्तीची या लोकांनी देवापुढची समई करून टाकली होती!

मी तडक मॅनेजरकडे गेले. देवेन नाव, ठाण्याचा, एमबीए.

"मॅडम, मी पण मानत नाही हो. पण स्टाफ मानतो ना. त्यांच्याबरोबर शिफ्टला कुणी उभं राहत नाही."

"मग स्टाफला घरी पाठवा."

"जोक करता काय? पब कोण चालवणार?"

"जोक तुम्ही करताय. मेणबत्ती विझते म्हणून माणसाचा व्हिसा कॅन्सल?"

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "जाव दे गो. पण गावात काय सांगू? काम नाय म्हणान धाडल्यानी तर कोण काय बोलाचो नाय. पनवती म्हणान धाडल्यानी तर माझ्या चेडवाक कोण करून घेतलो?" मुलीचं लग्न जुळत आलं होतं आणि मुलाकडचा एक नातेवाईक इथेच, मस्कतच्या अल खौदला राहत होता. बातमी विमानाच्या आधी पोचली असती.

आता मात्र माझी सटकली. देवेनला म्हटलं, "तुमच्या अर्बाबना बोलवा. त्यांच्यासमोर प्रयोग करू."

कारण मला दिसतच होतं. काकांना नेहमी लॉबीच्या दाराजवळची टेबलं द्यायचे. दार उघडलं की झोत, वर एसीचा झोत. तिथे कुणाचीही मेणबत्ती विझेल!

दुपारी पब बंद असतो त्या वेळात अर्बाब, म्हणजे पबचे ओमानी मालक, आले. म्हातारे, शांत. खुर्ची ओढून बसले आणि हिंदीत म्हणाले, "यल्ला, शुरू करो." मेणबत्त्यांचा खोका मीच सुपरमार्केटमधून नेला होता. फुंकली तरी परत पेटणाऱ्या खोडसाळ मेणबत्त्या मिळतात, हे मलाही माहीत आहे. या तसल्या नव्हत्या. अर्ध्या काकांनी पेटवल्या, अर्ध्या देवेनने. काकांच्या मेणबत्त्या ज्या काचेच्या स्टँडवर होत्या, त्यांच्या बुडाला मी पेनाने खूण केली, मग सगळ्यांना पाठमोरं उभं करून अदलाबदल केली. आता कुठली कुणाची ते मलाही सांगता आलं नसतं.

दार सताड उघडलं. एसी फुल्ल. हवेचा वेग मोजायचं यंत्र टेबलांवर फिरवून पाहिलं — झोत भरपूर. माझं भाषणसुद्धा तयार होतं. सगळ्या विझणार आणि मी म्हणणार, "बघा, मॅनेजरपण पनवती!"

विझू लागल्या. एक इथली, एक तिथली...

आणि मग थांबल्या.

अर्ध्या जळतच राहिल्या. नुसत्या जळत नव्हत्या, ज्योती सरळ उभ्या होत्या, जणू खोलीत वाराच नाही. शेजारचा पेपर नॅपकिन मात्र उडून खाली पडला.

एक जळती मेणबत्ती उचलून मी थेट एसीच्या तोंडाखाली ठेवली. काही नाही. मग मी — होय, मी — वाकून फुंकर मारली. ज्योत हललीसुद्धा नाही. मागून काकांचा आवाज आला, "बाय, इजवू नको गो..."

एकेक स्टँड उचलून बुडं पाहिली. जळणाऱ्या प्रत्येकीला खूण होती. विझलेल्यांत एकीलाही नव्हती.

देवेन घाम पुसत होता, एवढ्या गार हवेत! किचनच्या दारातून डोकावणाऱ्या स्टाफपैकी कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. अर्बाब उठले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि देवेनकडे बघून एकच शब्द बोलले, "खलास." म्हणजे विषय संपला.

काका राहिले. जिंकलो!

दुसऱ्याच आठवड्यात देवेनची नवीन शक्कल. काकांना 'लकी' म्हणून दाराशी उभं करायचं, गिऱ्हाइकांच्या मेणबत्त्या त्यांच्याच हातून पेटवायच्या. मी तिथेच आवाज चढवला. "ते पनवती नव्हते आणि लकीपण नाहीत. वेटर आहेत. टेबलं वाटून द्या सगळ्यांना, पाळीपाळीने." त्याने दिली. स्टाफनेही निमूटपणे ऐकलं.

तो प्रयोग मी नंतर पुन्हा केला. तीच जागा, तोच झोत, त्याच खोक्यातल्या उरलेल्या मेणबत्त्या. काकांच्याही विझल्या, देवेनच्याही. सगळ्या. त्या दुपारी काय झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. यंत्रही तपासून घेतलं, बरोबर आहे. तुमच्यापैकी कुणी उत्तर देणार असेल तर पुरावा घेऊन या, आत्मे-बित्मे नकोत.

परवा तिथे जेवायला गेले होते. काकांनी माझ्या टेबलावरची मेणबत्ती पेटवली आणि तेवढ्यात कुणीतरी लॉबीचं दार उघडलं.

"इजली गो," काका म्हणाले आणि दुसरी काडी ओढली.

शेजारून प्लेट्स नेणाऱ्या वेटर पोराने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.